घुमटावरची टिकली

भावजी,

तुम्हाला बसवूनच नेलं. आपल्या लिंगायतांत शेवटचंही बसवूनच नेतात, लहानपणापासून बघत आले आहे. पण त्यात हायसं वाटण्यासारखं काही असेल, असं कधी मनात आलं नव्हतं. परवा वाटलं. गेलं वर्षभर तुम्हाला आडवं म्हणून होता येत नव्हतं. पाठ टेकली की दम कोंडायचा. मग भिंतीला लोड, लोडाला उशी आणि उशीला टेकून तुम्ही. झोपायचात तेही बसूनच. शेजारच्या काकू काही आपल्यातल्या नाहीत. त्या डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "आता तरी लेकराला निवांत निजवायचं की गं." मी मनात म्हटलं, नको काकू, असंच बरं आहे. कपाळावर भस्माचे पट्टे, डाव्या हातात इष्टलिंग, अंगावर बेल, मांडी घातलेली. कॉम्प्युटरपुढे बसायचात तसेच दिसत होतात, फक्त गुडघा हलवत नव्हतात.

रडले. घरात सगळ्यात जास्त मीच रडले असेन. पण रडण्याच्या आधी माझ्या तोंडून "हुश्श" निघालं आणि ते आत्याबाईंनी ऐकलं. मेलेल्या दिरासाठी सासूसमोर हुश्श म्हणणारी सून अख्ख्या पाटोद्यात मी पहिलीच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. त्यांनाही तेच म्हणायचं होतं. ज्याची सगळ्यांना धास्ती होती, ते गुदमरणं तुमच्या वाट्याला आलंच नाही. दुपारी पडवीत भिंतीला टेकून बसला होतात, त्या ताक आणायला आत गेल्या, आणि परत येईपर्यंत तुम्ही निघूनही गेला होतात. झोप लागली असं समजून त्या ताकाचा तांब्या हातात धरून किती तरी वेळ तुम्हाला उठवत होत्या.

हे सगळं तुम्हालाच सांगतेय, कारण तुमच्याशी बोलायची खोड जात नाही. आणि आपलं भांडण अर्धवट राहिलंय.

दीर-भावजयीची भांडणं आमटीच्या मिठावरून होतात, फार तर टीव्हीच्या चॅनेलवरून. आपलं भांडण एका गोल बटणावरून होतं, तेही खरं बटण नव्हे, बटणाच्या चित्रावरून! बाहेरच्या माणसाला हे सांगायला गेलं तर तो दोघांनाही वेड्यात काढील.

आठवतं ना, दुकानामागची ती खोली आधी नुसती अडगळ होती. ह्यांचा मंडप आणि लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा, हे कायम बाहेर. खोलीत टेप ठेवून रेकॉर्डिंग करायची टूम माझी. रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिराती, निवडणुकीचा प्रचार, भजनी मंडळं, बायकांची हळदीची गाणी. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले, तेव्हा आपल्या शाकाहारी घरात केवढा गहजब झाला! "कोरे हायत आत्याबाई, अंडं बघितलेलंसुदिक न्हाई त्यांनी," असं मी शपथेवर सांगितलं. त्या बरेच दिवस खोलीच्या उंबऱ्याबाहेरूनच बोलायच्या.

मग बाहेरचा माल देशात खुला झाला, नगरला सुटे भाग जोडून कॉम्प्युटर मिळायला लागला, आणि नेमके तेव्हाच तुम्ही पुण्याची नोकरी सोडून घरी आलात. औरंगाबादला शिकलात, पुण्यात प्रोग्रॅम लिहायला लागलात, पण लहानपणच्या तापाने हृदयाची झडप बाद केली होती आणि कंपनीचे जिने तुमच्याच्याने चढवेनात. मी कॉम्प्युटर घेतला होता आणि भजनासाठी आवाज घुमवायचं मशीनही घेणार होते; पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझ्या खोलीत येऊन बसलात. ट्रे बघून म्हणालात, "वैनी, आवाज घुमू नये म्हणून एवढा आटापिटा केला, आन् आता घुमवायला मशीन विकत घेणार व्हय? मी करून देतो की."

तो तुमचा 'घुमट'. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची ते असं: रेकॉर्डिंगच्या मोठ्या प्रोग्रॅमच्या पोटात बसणारा हा छोटा प्रोग्रॅम. कोरडा आवाज आत घेतो आणि देवळाच्या घुमटाखाली गायल्यासारखा करून बाहेर देतो. तुम्ही त्याला प्लगइन म्हणायचात. आवाज तर पहिल्या दिवसापासून झकास होता, त्यावर माझी काही तक्रार नव्हतीच. भांडण होतं त्याच्या तोंडवळ्यावर.

मामंजींचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ तुम्ही स्क्रीनवर हुबेहूब उतरवला होता. सागवानी लाकूड, त्याच्या रेषा, पितळी बटणं, बटणांवर खिडकीतून पडलेला उजेड. तो उजेड काढायला तुम्ही दोन दिवस घालवलेत. सुंदर होतं, नाही कोण म्हणतंय? पण गोल बटण फिरवायचं तर माऊस गोल फिरवायचा. मी टेबलावर पीठ मळल्यासारखा माऊस फिरवतेय, बटण भलतीकडेच चाललंय, आणि माझ्यामागे आख्खं भजनी मंडळ टाळ धरून ताटकळलंय. त्यात लाकडावर सोनेरी बारीक अक्षरं, ती वाचायला नाक काचेला लावावं लागायचं.

"भावजी, ह्याला बघत बसू का ह्याच्याकडून काम करून घेऊ?"

"आदी बघा तर. बसावंसं वाटलं पायजे माणसाला समोर."

"मला बसून ऱ्हायला सवड न्हाई. बटण सरळ खालीवर वढलं की फिरलं पायजे."

"गोल बटण कुणी खालीवर वढतं का?"

"चित्रातलं वढतात."

तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी तुम्ही रागाने नवा तोंडवळा आणून आदळलात. राखाडी पाटी, काळ्या पट्ट्या, मोठे आकडे. "घ्या तुमचं. सरकारी दवाखाना!" वापरायला इतकं सोपं की मी लगेच शेफारले. जिंकले ना मी!

आणि मग त्या आष्टीकडच्या शांताबाई आल्या. हळदीची गाणी म्हणायला. खोली इवलीशी, म्हणणाऱ्याला स्क्रीन समोरच दिसायचा. बाईंचा गळा मोठा गोड, हे मी लग्नात स्वतः ऐकलेलं, पण माईकपुढे उभ्या राहिल्या की आवाज घशातच. पुन्हा पुन्हा थांबायच्या. शेवटी हळूच म्हणाल्या, "बाई, ते समोरचं काय हाय ओ? लायटीचं बिल भरायला आल्यावानी वाटतंय." तुम्ही मागे कोपऱ्यात बसला होतात. उठलात आणि लाकडी तोंडवळा लावलात. शांताबाई म्हणाल्या, "अगं बया, रेडू!" आणि जी सुटली बाई! त्या कॅसेटच्या गाण्यांवर तालुक्यात किती नवऱ्यांना हळद लागली असेल कुणास ठाऊक. त्या दिवशी तुम्ही मला एका शब्दाने डिवचलं नाहीत. नुसता गुडघा हलवत बसलात, ते जास्त झोंबलं.

मग तुम्ही निम्मं ऐकलंत, मी निम्मं. बटण दिसायला गोल, पितळी, पण ओढायचं खालीवर. अक्षरं मोठी झाली. लाकूड राहिलं. मला वाटलं, मिटलं आता.

पण खंडेनवमी आली. घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा: ह्यांचे पाने-पक्कड, ॲम्प्लिफायर, माझी शिलाई मशीन. आत्याबाई अंड्यांच्या ट्रेंवरचा राग गिळून पहिल्यांदा खोलीच्या आत आल्या. कॉम्प्युटर चालू होता. झालरीचं कव्हर बाजूला करून त्यांनी स्क्रीनच्या काचेवर भस्माचे तीन पट्टे ओढले, आणि समोर दिसणाऱ्या पितळी बटणाला हळद-कुंकू लावलं. चित्राला! तुम्ही कपाळावर हात मारलात. मी मात्र खूश. भजनाला हवा तेवढा आवाज घुमवायला बटणाचं टोक जिथं आणायला लागायचं, बरोबर तिथंच कुंकू बसलं होतं. भस्म मी नंतर पुसलं, कुंकू राहू दिलं. बटण ओढायचं, टोक कुंकवाखाली आणायचं, काम फत्ते. आकडा बघायची गरजच नाही.

असा गाढवपणा आपल्याच घरात व्हायचा. एक दिवस तुम्ही घुमटाची खिडकी स्क्रीनवर जराशी सरकवलीत. बटण सरकलं, कुंकू काचेवर जिथल्या तिथं. जाहिरातीला टोक कुंकवाच्या बोटभर अलीकडे ठेवायचं, तसं मी सवयीने ठेवलं आणि साडीवाल्या शेठची जाहिरात कॅसेटवर भरून दिली. ह्यांनी ती न ऐकता रिक्षाला लावली. बाजाराच्या दिवशी आख्ख्या पाटोद्यात "साड्याऽऽऽ... ड्याऽऽऽ... ड्याऽऽऽ" असा आकाशवाणीसारखा आवाज घुमत फिरला. शेठ तणतणत आले असं वाटून मी खोलीत लपले. ते म्हणत होते, "लई भारी! देवळातल्यावानी. दिवाळीलाबी असाच करा." तुम्ही हसता हसता धापा टाकायला लागलात. तुमचं हसणं आणि दम लागणं तेव्हापासून एकत्रच यायला लागलं होतं. मग पाठ चोळता चोळता मी रडकुंडीला यायची.

त्या हसण्यातूनच तुम्हाला सुचलं. "वैनी, कुंकू काचंवर नको, बटणावरच पायजे. ज्याचं त्यानं लावायचं." म्हणजे माऊसचं उजवं बटण दाबलं की चित्रातल्या बटणाच्या कडेला एक टिकली उमटणार. भजनाची वेगळी, जाहिरातीची वेगळी. खिडकी कुठेही सरकवा, टिकली बटणाबरोबर जाणार. तुम्ही म्हणालात, हे झालं की सीडीवर घालून नगरला, बीडला, सगळ्या रेकॉर्डिंगवाल्यांना दाखवायचं. डोळ्यात केवढी चमक होती.

आणि इकडे तब्येत उतरत चालली. पायाला सूज, ओठ निळसर. घरात सगळ्यांचा सूर बदलला. तुम्ही काहीही केलंत की छान. आत्याबाईंचं छान, ह्यांचं छान, पाहुण्यांचं छान. मी टिकलीवरून कटकट केली की हे मला बाजूला घेऊन दटावायचे. "कावून भांडतीस त्याच्यासंगं? आजारी माणूस हाय. छान हाय म्हन की, काय जातंय तुझं?"

मला पटायचं ओ. मी ठरवलं होतं एकदा, की आता तोंड मिटून घ्यायचं. त्या दिवशी तुम्ही टिकलीचा आकार दाखवलात आणि मी म्हणाले, "बरं दिसतंय की." तुम्ही माऊस खाली ठेवलात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "वैनी, घरात सगळे मला छान म्हणायला लागलेत. परवा आईनं माझ्या सुजलेल्या पायाला छान म्हणलं. तुमी तेवढं म्हणू नका. ज्या दिवशी तुमी एकबी खोट न काढता छान म्हणाल, त्या दिवशी मी समजीन, डॉक्टर तुमाला काय बोललाय ते."

मी म्हणाले, "टिकली हाय का भोपळा? किती मोठी ती." तुम्ही हसलात, लहान केलीत. त्या दिवसापासून मी भांडायला मोकळी झाले, आणि आत कुठे तरी बांधलीही गेले.

मग तो दिवस आला. तुमचे रिपोर्ट घेऊन ह्यांना आणि मला नगरच्या डॉक्टरांनी बोलावलं होतं. डॉक्टर भला माणूस. त्याने पाणी मागवलं, मग सांगितलं. ऑपरेशनची वेळ निघून गेली आहे, त्यांना आवडेल ते करू द्या. परतीच्या एसटीत हे आष्टीपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मी तोंडाची तालीम करत होते. घरात शिरल्यावर चेहरा कसा ठेवायचा, आवाज कसा ठेवायचा. हे म्हणाले, "तूच जा फुडं. मला जमायचं न्हाई."

तुम्ही तयारच होतात. रिपोर्टचं विचारलंच नाहीत. "वैनी, टिकली झाली. बसा," म्हणालात आणि खुर्ची ओढलीत. मी बसले. बटण ओढलं, लोण्यासारखं फिरलं. उजवं बटण दाबलं, टिकली उमटली. खिडकी इकडून तिकडे सरकवली, टिकली बटणावरून हलली नाही. अक्षरं स्वच्छ. लाकूड देखणं. भावजी, ते सगळं छान होतं! नेमकं त्याच दिवशी छान असायला पाहिजे होतं का? तुम्ही स्क्रीनकडे बघतच नव्हता. माझ्या तोंडाकडे बघत होता. मी खोट शोधत होते, आणि माझ्या आयुष्यात इतक्या कळवळून मी काही शोधलं नसेल, देवळात हरवलेलं मंगळसूत्रसुद्धा. खोटी खोट काढली असती तर तुम्ही तिथल्या तिथे ओळखली असती. छान म्हणाले असते तरी संपलं होतं.

आणि सापडली. मी टिकली लावली होती ती दुसऱ्या बटणालाही, पण दिसेना. वाकून बघितलं. आपला तो जुना मॉनिटर, त्याचे रंग उतरलेले, त्यात बटणाची सावलीतली बाजू काळपट आणि टिकली लाल. काळपटात लाल बुडालं होतं.

"अहो, दिसतीय कुठं ही? अंधारात कुंकू लावून उपेग काय? एवढे दिवस घातले आन् दिसंना ती टिकली! डोळे फुटलेत का तुमचे?" मी ओरडले. खरंच ओरडले. इतकी हलकी झाले होते की आवाज आवरेना. तुम्ही पुढे वाकलात, बघितलंत, आणि चेहरा असा उजळला की मला तोंड फिरवावं लागलं. "आयला, व्हय की," म्हणालात. मग आत आवाज दिलात, "आई, भाकरी वाढ, वैनी लई तापलीया, आज जेवण जाईल मला." अर्धी भाकरी खाल्लीत त्या दिवशी. हे दाराआडून बघत होते. आठवडाभर त्यांनी मला दटावलं नाही.

तुम्हाला कळलं होतं का, भावजी? डॉक्टरचं? कधी कधी वाटतं, कळलं असेल, आणि आपण दोघांनी मिळून ते त्या टिकलीआड सरकवून ठेवलं असेल. पण तुमची भूक खरी होती, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तेवढं मला पुरतं.

परवा सकाळी तुम्ही म्हणालात, "नवीन टाकलंय. लाईट आल्यावर बगा. आता काडा खोट." लाईट सकाळीच गेली होती. मी म्हणाले, "काढते की, सोडते काय." तेच आपलं शेवटचं बोलणं. त्यात वावगं काही नाही, रोजचंच आहे, म्हणून ते मला आवडतं. लाईट आली तेव्हा पडवीत माणसं जमली होती आणि आतल्या खोलीत पंखा आपोआप सुरू झाला.

आज मिठाईवाल्याचा निरोप आला, जाहिरात पाहिजे म्हणून. हे म्हणाले, राहू दे. मी म्हटलं, नको, करते. झालरीचं कव्हर काढलं, घुमट उघडला. उजवं बटण दाबलं.

आधी हळद उमटली, भावजी. पिवळी, गोल. तिच्या मधोमध कुंकू. आम्ही बायका सवाष्णीला लावतो, अगदी तसं. त्या पिवळ्यावर लाल असं ठसठशीत दिसतंय की आपल्या उतरलेल्या मॉनिटरवरही दारातून दिसावं. सावलीतल्या बाजूला लावून बघितलं. दिसतं. स्क्रीनचा उजेड कमी केला. दिसतं. चष्मा काढून बघितलं, खिडकी चारी कोपऱ्यांत फिरवली, सगळी बटणं या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. तुमच्याइतकीच मीही हट्टी. किती तरी वेळ खोट शोधत बसले.

आत्याबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. मग आत आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून काचेकडे बघत राहिल्या. "हळद लावलीया," म्हणाल्या. "कसं झालंय गं त्याचं?"

छान झालंय, भावजी. एकही खोट नाही. आता तुम्हाला समजलं तरी चालेल.